बाळ घरी, आई टूरवर: दूध कसं काढायचं, कुठे ठेवायचं आणि घरी कसं आणायचं

रजा २६ आठवड्यांची, म्हणजे सहा महिने झाले न झाले तोवर ऑफिस सुरू, आणि ऑफिस सुरू झालं की महिनाभरात कोणीतरी विचारतंच, दिल्लीला दोन दिवस जाऊन येशील का. त्यात बाळ अजून अंगावर पीत असतं, वरचं खाणं आत्ता कुठे सुरू झालेलं, पेज नाहीतर नाचणीचं सत्त्व दोन चमचे खाऊन तिसरा थुंकून टाकायचं वय. अशा वेळी घरातले सगळे एकच विचारतात, "बाळ काय पिणार?" ते महत्त्वाचं आहेच, पण माझ्या मते ते दुसऱ्या नंबरचं. पहिला नंबर आईच्या छातीचा. बाळाला घरी दूध देण्याचे चार मार्ग निघतात, पण तुम्ही तिकडे सात-आठ तास दूध काढलंच नाही तर दाटतं, गाठी होतात, ताप येतो, आणि असं दोन-तीन दिवस चाललं की शरीराला वाटतं आता गरज नाही, आणि ते दूध कमी करायला लागतं. म्हणून हे डोक्यात पक्कं ठेवा: आधी वेळेवर काढणं, मग साठवणं. साठवायची सोय नाही झाली तरी काढायचंच, भले बेसिनमध्ये ओतावं लागलं तरी. ओतताना जीव तुटतो हे मान्य, पण पुढचे कित्येक महिने दूध चालू राहावं म्हणून ते ओतलेलं असतं.

उदाहरणासाठी पुण्याहून दिल्ली-गुरुग्राम, दोन रात्री, बाळ सात-आठ महिन्यांचं आणि आजीजवळ, असं धरून लिहिते. बाकीच्यांनी आपापलं फिरवून घ्या.

जायच्या दोन-तीन आठवडे आधी

घरात किती दूध मागे ठेवायचं याचा ढोबळ हिशोब असा की सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं पिणारं बाळ तासाला साधारण २५ ते ३० मिली धरायचं, म्हणजे २४ तासांचे ६००-७२० मिली. सहा महिन्यांनंतर खाणं सुरू असेल तर कमी लागतं, पण किती कमी ते तुमच्या बाळाचा आधीच्या दिवसांतला अंदाज घेऊनच ठरवा. हे सगळं एका दिवसात निघत नाही आणि काढायचा प्रयत्नही करू नका. सकाळी छाती जास्त भरलेली असते, तर पहिलं पाजून झालं की तासाभराने एकदा पंप करायचा, ६०-७० मिली निघालं तरी भरपूर, तेवढंच रोज फ्रीझरला टाकायचं. पहिले तीन-चार दिवस अगदी तळाला थेंब दिसतील, मग हळूहळू वाढतं.

इथे एक टेस्ट नक्की करा. एक पिशवी गोठवून पाच-सहा दिवसांनी वितळवा आणि वास घ्या, आणि बाळाला पाजून बघा. काही जणींच्या दुधात लायपेज नावाचं एन्झाइम जास्त काम करतं, मग ठेवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दूध खराब झालेलं नसतं, पण काही बाळं तोंड फिरवतात. हे जायच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणि बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने प्यायची सवय आईने नाही, आजीने किंवा बाबाने लावायची, कारण आई समोर असली की बाळ चमच्याकडे बघतही नाही.

पंपाचं म्हणाल तर इलेक्ट्रिक असेल तर डबल घ्या, दोन्ही बाजू एकदम १५-२० मिनिटांत होतात, मीटिंगच्या मधल्या सुट्टीत हाच फरक पडतो. फनेलचं, म्हणजे छातीवर लावायच्या त्या कोनाचं माप बघा, निपल घासला जात असेल किंवा आजूबाजूची जास्त कातडी आत ओढली जात असेल तर साइज चुकलाय, नुसतं सक्शन वाढवून दूध वाढत नाही, फक्त दुखतं. आणि पंप नवाच घेतला असेल तर प्रवासात पहिल्यांदा उघडू नका, घरी आठवडाभर वापरा.

हाताने काढायलाही शिकून ठेवा, हे मी आग्रहाने सांगते. आधी हात धुवायचे. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेपासून थोडं मागे, इंग्रजी सी अक्षरासारखा हात, आधी सरळ मागे छातीच्या पिंजऱ्याकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे दाबायची, सोडायचं, परत. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, त्याने सोलवटतं. दोन-चार मिनिटं काही येत नाही, मग पान्हा फुटला की धार लागते. चार्जर हरवला, गाडी अडकली, मोटर बंद पडली, अशा वेळी फक्त वाटी आणि हात पुरतात.

बॅगेत काय

पंप, त्याचा चार्जर, आणि छोटा मॅन्युअल पंप बॅकअपला. सगळ्यात जास्त दगा देणारी वस्तू म्हणजे ते रबरी व्हॉल्व्ह, बारीक चीर पडली की सक्शनच येत नाही आणि माणसाला वाटतं दूध आटलं. दोन व्हॉल्व्ह जास्तीचे टाका, वजन काहीच नाही. फनेल-बाटल्यांचे दोन सेट असतील तर फारच सोपं. मिल्क स्टोरेज बॅग अंदाजापेक्षा आठ-दहा जास्त, कारण एखादी गळतेच. बारीक मार्कर, छोटी लिक्विड सोपची बाटली, एक वेगळा ब्रश, घासायला एक छोटं घमेलं किंवा घडी होणारा टब, जाड नॅपकिन. नर्सिंग पॅड, आणि एक जास्तीचा कुर्ता हँडबॅगमध्ये, कारण मीटिंगमध्ये दुसऱ्याच कोणाचं बाळ रडलं तरी कुर्ता भिजू शकतो. कपडे पुढून उघडणारे, गडद किंवा छापाचे. फिका प्लेन शर्ट नकोच.

थंड ठेवायला चांगली इन्सुलेटेड बॅग आणि चार तरी आइस पॅक. पॅक आदल्या दिवसापासून फ्रीझरमध्ये हवेत, चार तासांत वरून कडक वाटतात पण आतून गोठलेले नसतात. थर्मासही चालतो: आधी १० मिनिटं बर्फ घालून आतून गार करायचा, बर्फ-पाणी फेकायचं, कोरडा करून मग त्यात आधीच थंड केलेलं दूध भरायचं.

किती वेळ टिकतं

ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास. हे २५ नीट वाचा, कारण एप्रिल-मेमध्ये अकोला-नागपूर सोडा, पुण्यातसुद्धा पंख्याखाली २५ नसतं, तेव्हा एसी नसेल तर ते चार तास धरूच नका, काढलं की लगेच थंडाला. गोठलेल्या आइस पॅकसोबत बंद कूलर बॅगमध्ये २४ तास. फ्रीजमध्ये ४ अंशांना ४ दिवस. फ्रीझरला सहा महिन्यांपर्यंत उत्तम आणि बारापर्यंत चालतं, पण हे वेगळ्या दाराच्या फ्रीझरचं. सिंगल डोअर फ्रीजच्या आतला बर्फाचा कप्पा असेल तर दोन आठवड्यांच्या वर ठेवू नका, दर वेळी दार उघडलं की तिथलं तापमान हलतं. वितळवलेलं दूध फ्रीजमध्ये २४ तास, परत गोठवायचं नाही. आणि बाळाने तोंड लावलेलं उरलं तर २ तासांत संपवायचं नाहीतर फेकायचं. ही मापं वेळेवर जन्मलेल्या निरोगी बाळासाठी, कमी दिवसांचं किंवा एनआयसीयूमधलं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातलं) बाळ असेल तर तुमचे डॉक्टर सांगतील तेच.

पिशवी भरायच्या आधी तारीख-वेळ लिहा, भरल्यावर पेन चालत नाही. पाऊण भरायची, हवा काढून बंद करून आडवी ठेवायची, म्हणजे पातळ वडी होते, लवकर गोठते, लवकर वितळते, जागाही कमी खाते. ६० ते ९० मिलीच्याच पिशव्या करा, १५० ची पिशवी उघडली आणि बाळाने ४० प्यायली की बाकीचं गेलं. आणि कोमट ताजं दूध आधीच्या गार दुधात थेट ओतू नका, आधी गार होऊ द्या मग एकत्र करा.

आजीला द्यायच्या सूचना

हे कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून उपयोग नाही. आपल्याकडच्या आज्यांचा हात गायी-म्हशीच्या दुधावर बसलेला असतो, त्यामुळे पातेल्यात ओतून गॅसवर उकळी काढणं हे त्यांना इतकं साहजिक वाटतं की त्या विचारणारही नाहीत. तर पहिलीच ओळ: उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही. जुन्या तारखेची पिशवी आधी. रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवायची, पाजायच्या वेळी पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. वर साय जमल्यासारखी दिसते ती दुधातली स्निग्धता, नासलं नाही, हलकेच फिरवलं की मिसळतं. उरलेलं "टाकवत नाही म्हणून" परत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, आई, प्लीज. सासूबाईंना हे सुनेपेक्षा मुलाने सांगितलेलं जास्त पचतं, आपापल्या घरचं बघा.

लाइट गेली तर फ्रीझरचं दार उघडायचं नाही. लाइट आल्यावर पिशवीत अजून बर्फाचे खडे दिसत असतील तर ती परत गोठू दिली तरी चालते, पूर्ण पाणी झालं असेल तर फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरायची.

निघायचा दिवस आणि एअरपोर्ट

समजा पहाटे सहाचं विमान. साडेतीनला निघायचं तर तीनला बाळाला झोपेतच पाजा, झोपेत बाळं छान पितात, आणि राहिलेलं लगेच पंप करून फ्रीजमध्ये. मग सव्वाआठच्या सुमाराला दिल्लीत उतरलात की तिथल्या बेबी केअर रूममध्येच पहिला पंप उरकून मग कॅब, कारण गुरुग्रामच्या ट्रॅफिकला भरल्या छातीने बसणं म्हणजे शिक्षा आहे. नंतर साधारण बारा-साडेबारा, चार, साडेसात, झोपायच्या आधी अकरा आणि पहाटे पाच. घरी बाळ जेव्हा पितं त्याच्या आसपासच ठेवा. बाळ रात्री उठून पीत असेल तर रात्रीचा पंप गाळू नका, रात्री दूध तयार करणारं हार्मोन जास्त असतं. बाळ तीन-चार महिन्यांच्या आतलं असेल तर दोन-तीन तासांनी, दिवसाला आठ वेळापर्यंत काढावं लागेल. आणि खरं सांगायचं तर त्या वयात टूर टाळता आली तर टाळाच.

पंप चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका. एक तर बॅग हरवली की संपलं, आणि बॅटरीवाला असेल तर सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक तशीही केबिनमध्येच न्यावी लागते. सिक्युरिटीला पंप स्वतःहून बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा. विचारलं तर लाजत पुटपुटायचं नाही, सरळ "ब्रेस्ट पंप है, बच्चे के दूध के लिए" म्हणायचं, पुरुष जवान असला तर तोच जास्त गडबडतो आणि जाऊ देतो. नाहीतर लेडी स्टाफला बोलवा म्हणा. देशातल्या फ्लाइटला पाण्याची बाटलीही नेऊ देतात त्यामुळे दुधाला सहसा अडचण येत नाही, तरी पिशव्या एका पारदर्शक झिप पाऊचमध्ये एकत्र ठेवा म्हणजे उघडून दाखवायला सोपं. आइस पॅक मात्र दगडासारखे गोठलेले असू द्या, अर्धवट वितळलेल्या जेलवरच जास्त प्रश्न येतात.

इंटरनॅशनल असेल तर प्रकरण वेगळं. अमेरिकेत आईचं दूध १०० मिलीच्या नियमात येत नाही आणि बाळ सोबत असायची अटही नाही, फक्त स्क्रीनिंगला आधी सांगायचं आणि वेगळं काढून द्यायचं. तिथे मध्यम-मोठ्या एअरपोर्टवर दूध पाजण्या-काढण्याची खोलीही असते. ब्रिटनमध्येही बाळ सोबत नसलं तरी हँडबॅगेत नेता येतं, एका डब्यात २००० मिलीपर्यंत, पण गोठवलेलं दूध हँडबॅगेत चालत नाही, ते चेक-इनलाच. भारतातून बाहेर जाताना किंवा मधे दुसऱ्या देशात विमान बदलताना सवलत बहुतेक बाळ सोबत असलेल्यांना धरूनच दिली जाते, म्हणून एअरलाइनला आधी ईमेल करून उत्तराचा प्रिंट जवळ ठेवा. अमेरिकेला जाताना अ‍ॅडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा, नसेल तर पंप तिथे नीट चालणार नाही.

विमानात काढायची वेळ आलीच तर खिडकीची सीट, वरून ओढणी किंवा नर्सिंग कव्हर. इंजिनच्या आवाजात पंपाची घरघर ऐकू येत नाही. टॉयलेटमध्ये जाऊ नका, घाण असते आणि बाहेर लोक दार वाजवतात.

रेल्वे, एसटी

रेल्वेत टू एसीला पडदा मिळतो, थ्री एसीला नाही, तेव्हा जमलं तर टू एसी. पंप पूर्ण चार्ज करून चढा, काही गाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात. डब्यातल्या नळाच्या पाण्याने पंपाचे भाग धुवू नका, वापरलेला सेट वेगळ्या डब्यात बंद करा आणि दुसरा सेट काढा. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली असते, कुलूप दिसलं तर नियंत्रकाकडे चावी मागा. काही ठिकाणी आत झाडू-बादल्या ठेवलेल्या सापडतात, तरी मागा, कोणी वापरतच नाही म्हणून त्याची अडगळ होते.

ऑफिस आणि हॉटेल

जिथे जाताय तिथल्या एचआरला किंवा ट्रेनिंगवाल्यांना आधीच मेल: मला दिवसातून तीन वेळा २५ मिनिटं आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि प्लग हवाय. एवढंच, कारणमीमांसा नको. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन नर्सिंग ब्रेक कायद्यानेच आहेत, पण बहुतेक ठिकाणी कायदा काढायची वेळ येत नाही, आधी सांगितलं की सोय होते आणि ऐनवेळी सांगितलं की सगळे एकमेकांकडे बघतात. कॅलेंडरमध्ये त्या वेळा ब्लॉक करून टाका.

हॉटेलच्या मिनी फ्रीजवर विश्वास ठेवू नका. ते कोल्ड्रिंक गार करायला असतात, बरेच १० अंशांच्या खाली जातच नाहीत. छोटा थर्मामीटर मिळतो तो आत ठेवून तासाभराने बघा. आणि दुसरी भानगड म्हणजे दारापाशी की-कार्ड अडकवायचा खाचा. सकाळी कार्ड काढून तुम्ही बाहेर पडलात की लाइट-एसीबरोबर कित्येक हॉटेलात फ्रीजही बंद होतो, आणि संध्याकाळी येऊन कार्ड लावलं की पुन्हा गार, म्हणजे मधे दहा तास दूध कोमटात होतं हे कळतही नाही. चेक-इनलाच विचारा, फ्रीज कार्डावर आहे का. असेल तर दुसरं कार्ड मागून आत अडकवून ठेवा. त्याहून बरं म्हणजे किचनच्या फ्रीजमध्ये ठेवायला देणं: डब्यावर नाव, खोली नंबर, चेकआउटची वेळ मोठ्या अक्षरात. आइस पॅक त्यांच्या डीप फ्रीझरला. दोन्ही वेगळे द्या, नाहीतर दूधच गोठवून ठेवतात.

आणि दोन रात्रींसाठी दूध गोठवूच नका, हे बऱ्याच जणींना उलटं वाटतं. फ्रीजमध्ये ४ दिवस चालतंय, तर नुसतं गार ठेवून कूलर बॅगमधून २४ तासांच्या आत घरी न्यायचं आणि घरी फ्रीझरला टाकायचं. गोठवून नेलं आणि वाटेत वितळलं तर परत गोठवता येत नाही, मग सगळं एका दिवसात संपवायची घाई. चार दिवसांच्या वर टूर असेल तरच गोठवा, आणि मग थर्मोकोलच्या पेटीत पिशव्या एकमेकींना घट्ट चिकटवून, मधे रिकामी जागा राहिली तर गोळा केलेले वर्तमानपत्राचे बोळे भरून, टेप मारून चेक-इनला. औषधाच्या दुकानात विचारलं तर लसींच्या रिकाम्या थर्मोकोल पेट्या कधीकधी मिळतात.

प्रत्येक वेळी काढून झालं की भाग लगेच गार पाण्याखाली विसळा, मग टबात साबण आणि गरम पाण्याने घासा, बेसिनमध्ये ठेवू नका, तिथे काय काय धुतलेलं असतं. नॅपकिनवर उघडे वाळवा, पुसत बसू नका. केटल असते पण लोक त्यात काय उकळतात देव जाणे, म्हणून मी किचनमधून उकळतं पाणी मागवते.

छाती दाटली तर

मीटिंग लांबली आणि दगड झाला, तर आधी हाताने थोडं काढून मऊ करा, मग पंप लावा. काढून झाल्यावर गार फडकं किंवा रुमालात गुंडाळलेला आइस पॅक. जोरजोरात चोळून गाठ फोडायचा सल्ला अजूनही मिळतो, तो ऐकू नका, त्याने सूज वाढते. दूध निघालं तरी "पूर्ण रिकामं होऊ दे" म्हणून पाऊण तास पंप लावून बसणंही नको, त्याने उलट जास्त तयार होतं. लाल पट्टा, थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, असं झालं आणि दिवसभरात उतरलं नाही तर तिथल्याच डॉक्टरकडे जा, घरी पोचायची वाट बघू नका. मास्टायटिस, म्हणजे छातीला आलेली ही सूज असली तरी त्या बाजूचं दूध बाळाला चालतं, काढणं थांबवायचं नाही. कुठलंही औषध घेताना मात्र अंगावर पाजते आहे हे सांगायचं.

परत येताना

निघायच्या आधी एकदा काढा, पण घरी पोचायच्या दोन तास आधीपासून शक्यतो नको, बाळासाठी थोडी भरलेली असू दे. पिशव्या घरात आल्या की बॅग उघडून प्रत्येकीला हात लावून बघा: गार असेल तर तारीख बघून फ्रीज किंवा फ्रीझर, कोमट झालेली आणि किती वेळ झाला ते सांगता येत नसेल ती सरळ टाकून द्या. काही बाळं आई दिसली की झडप घालतात, काही फुरंगटून एक-दोन वेळा तोंड फिरवतात, तेव्हा जबरदस्ती न करता अर्धवट झोपेत पाजून बघा. पुढचे दोन दिवस दूध थोडं कमी वाटेल, बाळाला मागेल तेव्हा पाजा आणि सकाळचा तो एक जास्तीचा पंप आठवडाभर चालू ठेवा.